‘दाऊ’ला मुद्दाम म्हातारं कशाला करायचं?

अनुवादाचा विषय निघाला की एक समजूत हमखास पुढे येते, की मूळ शब्द जुनाट असेल, जुन्या इंग्रजीतल्या ‘दाऊ’सारखा (म्हणजे ‘तू’), तर अनुवादातला शब्दही तेवढाच जुनाट हवा. ऐकायला एकदम पटतं. पण इंग्रजी आणि हंगेरियन अशी जोडी समोर ठेवली की ही समजूत पहिल्या पानावरच लंगडायला लागते, कारण दोन भाषा काही एका वेगाने म्हाताऱ्या होत नाहीत. इंग्रजीत जे चारशे वर्षांपूर्वी मेलं ते हंगेरियनमध्ये आज सकाळी दूध आणताना कोणीतरी बोललेलं असतं, आणि इंग्रजीत जे आजही रोजचं आहे ते हंगेरियन बायबलात एवढं जुनं दिसतं की शाळेतल्या पोराला समजावून सांगावं लागतं.

उदाहरणच घ्या. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘प्रिदी’ हा शब्द पानोपानी भेटतो. ‘आय प्रे दी’ घासून घासून झालेला, म्हणजे ‘मी तुला विनवतो’. आज लंडनमध्ये कोणी हे बोललं तर लोक त्याला नाटकमंडळीतला समजतील. हंगेरियनमध्ये याला शब्द आहे ‘केर्लॅक’. ‘केर’ म्हणजे मागणं, विनवणं, आणि मागचा ‘लॅक’ हा असा भन्नाट प्रत्यय आहे की तो एकटाच ‘मी – तुला’ एवढं सगळं सांगून टाकतो. म्हणजे अर्थ तंतोतंत ‘प्रिदी’चा. पण बुडापेस्टच्या ट्राममध्ये एक मुलगी दुसरीला ‘जरा सरक ना, प्लीज’ म्हणते तेव्हा ती पण केर्लॅकच म्हणते. अर्थ शंभर टक्के, वय शून्य. आता अनुवादकाने काय करायचं, ‘प्रिदी’ जुना म्हणून मुद्दाम एखादा धुळीतला शब्द शोधायचा, की सरळ केर्लॅक लिहून पुढे जायचं? मी म्हणतो सरळ पुढे जा. कारण शेक्सपिअरच्या तोंडात तो शब्द जुना नव्हताच ना, तो तेव्हाचा ‘प्लीज’ होता.

तसंच ‘व्हिदर’चं. इंग्रजीत पूर्वी व्हेअर म्हणजे कुठे आहे, व्हिदर म्हणजे कुठे चाललास आणि व्हेन्स म्हणजे कुठून आलास असे तीन वेगळे शब्द होते, मग इंग्रजांनी कंटाळा केला आणि एका व्हेअरवर भागवलं. हंगेरियन माणसाने असा कंटाळा केला नाही, त्याच्याकडे होल, होवा, होन्नॉन हे तिन्ही ठणठणीत आहेत, आणि त्यात चूक केलीत तर परदेशी आहात हे लगेच कळतं. (आपल्याकडेही ‘इथे बस’ आणि ‘इकडे ये’ यात तो फरक थोडाफार उरलाय, म्हणून मराठी माणसाला हे पटकन कळतं.) तर ‘व्हिदर’चा अनुवाद होवा, आणि त्यात जुनेपणाचा वास येत नाही, येऊच शकत नाही.

सगळ्यात मजा बायबलात आहे. कारोयी गाश्पारचं पहिलं संपूर्ण हंगेरियन बायबल विझोय गावात १५९० साली छापलं गेलं, आणि इंग्रजांचं किंग जेम्स १६११ चं, म्हणजे जवळपास एकाच पिढीतली पुस्तकं. इंग्रजीत येशू ‘व्हेरिली’ म्हणतो, हंगेरियनमध्ये ‘बिझोन्य’, मराठी बायबलात ‘खचीत’. व्हेरिली मेला, खचीत बायबलाबाहेर फारसा ऐकू येत नाही, पण बिझोन्य? तो रोज बोलतात, ‘हो रे बाबा, खरंच’ या अर्थाने. मग त्या हंगेरियन वाक्याला जुना रंग कुठून येतो? पुढच्या शब्दातून. ‘तुम्हाला’ म्हणजे आजच्या भाषेत ‘नॅकटॅक’, आणि बायबलात ‘नेकटॅक’. एक स्वर थोडा लांबवलाय, बास. तेवढ्यावर चारशे वर्षं मागे जाता येतं. आणि याच्या उलटही बघा, ‘देव म्हणाला, प्रकाश होवो, आणि प्रकाश झाला’ या वाक्यात इंग्रजीतले ‘सेड’ आणि ‘वॉज’ आजही रोजचे आहेत, पण कारोयीकडे आहे ‘मोन्दॉ’ आणि ‘लोन’, भूतकाळाची अशी रूपं की आज हंगेरीत कोणीही बोलत नाही. पूर्वी या भाषेत भूतकाळाची चार-पाच रूपं होती, आता एकच उरलंय. म्हणजे इथे इंग्रजी ताजी आणि हंगेरियन म्हातारी! शब्दाला शब्द, वयाला वय असा हिशोब लावणाऱ्याने आता काय करायचं ते त्याचं त्याने बघावं.

आता ‘दाऊ’कडे येतो, कारण खरी गडबड तिथे आहे. आजच्या इंग्रजी वाचकाला (आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या आपल्यालाही) दाऊ म्हटलं की काहीतरी भव्य, आदराचं, देवळातलं वाटतं. होतं बरोब्बर उलट. दाऊ म्हणजे ‘तू’, आणि ‘यू’ म्हणजे ‘तुम्ही’. १६०३ साली सर वॉल्टर रॅलेवर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक भर कोर्टात त्याच्यावर ओरडला, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ दाऊचं क्रियापद केलंय त्याने. हे आजच्या इंग्रजीत सांगायला तळटीप लागते, पण मराठीत सरळ सांगता येतं, ‘तुला मी अरे-तुरेच करणार, गद्दारा!’ आणि हंगेरियनमध्ये तर यासाठी रोजच्या वापरातलं क्रियापदच आहे, ‘तॅगॅझ’, म्हणजे अरे-तुरे करणं, आणि त्याच्या जोडीला ‘मॉगाझ’, म्हणजे अहो-जाहो करणं. इतकंच काय, मॉगाझवरून तॅगॅझवर यायचा विधीसुद्धा आहे, हातात हात अडकवून ग्लास रिकामा करायचा आणि मग दोघं एकमेकांना ‘तॅ’ म्हणायला मोकळे.

हॅम्लेट आईच्या दालनात येतो तो प्रसंग आठवा. आई म्हणते, हॅम्लेट, तू तुझ्या वडिलांना फार दुखावलंस, आणि ती दाऊ वापरते. पोरगा तेच वाक्य तिच्या तोंडावर परत फेकतो, आई, तुम्ही माझ्या वडिलांना फार दुखावलंत, आणि तो वापरतो यू. आई जवळ ओढतेय, पोरगा ढकलतोय, सगळं भांडण एका सर्वनामात आहे. आजच्या इंग्रज प्रेक्षकाला हे ऐकू येतच नाही, त्याला दोन्ही नुसतंच ‘जुनं इंग्रजी’. हंगेरियन प्रेक्षकाला मात्र हे कानात टोचेल असं ऐकवता येतं, कारण तॅ (तू) आणि मॉगॉ (तुम्ही) यातली भिंत त्याच्या घरात, ऑफिसात, दुकानात रोज उभी आहे. अशा वेळी अनुवादकाने दाऊच्या जागी काहीतरी पुराणवस्तूसंग्रहालयातलं रूप टाकलं तर त्याने नाटकातलं भांडणच मारलं. जुनेपणा जपला आणि अर्थ घालवला, असला हा सौदा.

पण हंगेरियन आदरार्थी प्रकरण वाटतं तेवढं सोपं नाही हां. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण. त्यांच्याकडे तॅ, मॉगॉ, ओन, आणि शिवाय लहान मुलांनी म्हाताऱ्या बायकांशी बोलायची एक वेगळीच पद्धत, ज्यात ‘कशा आहात’च्या ऐवजी शब्दशः ‘कसं असायला आवडतंय’ असं काहीतरी विचारतात. ओन हे रूप रुजलं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भाषासुधारणेच्या काळात. म्हणजे तुम्ही शेक्सपिअरच्या राजाला ओन म्हटलंत की तो राजा राहत नाही, बँकेत कर्ज मागायला आलेला गृहस्थ होतो. मग राजाला म्हणायचं काय? इथे हंगेरियन लोककथा मदतीला येतात. लोककथेतला माणूस राजासमोर उभा राहून म्हणतो, महाराज, माझं जगणं-मरणं तुझ्या हाती सोपवतो. तुझ्या! राजाला तॅ! आणि हे ऐकताना एकाही हंगेरियन माणसाला उद्धटपणा वाटत नाही, उलट ‘फार फार वर्षांपूर्वी’ असंच वाटतं. तशीच ती दुसरी लकब, रस्त्यात भेटलेल्या चेटकिणीला पोरगा आजी म्हणतो आणि ती म्हणते, नशीब तुझं की मला आजी म्हणालास. जुनेपणा इथे शब्दात नाहीच, कोण कोणाला काय म्हणतं त्यात आहे. माझ्या मते शेक्सपिअरच्या अनुवादकाला शब्दकोशापेक्षा या गोष्टींचा जास्त उपयोग व्हावा.

आणि चुकीचा जुनेपणा कसा गोत्यात आणतो ते ‘युवर वर्शिप’, ‘माय लॉर्ड’, ‘एस्क्वायर’ असल्या मानाच्या संबोधनांत बघा. हंगेरीत दुसऱ्या महायुद्धापर्यंत हुद्द्याप्रमाणे संबोधनांची भलीमोठी उतरंड होती, अमक्या पायरीपर्यंत नॉद्यशागोश, त्याच्या वर मेल्तोशागोश, सगळ्यात वर कॅद्यॅलमॅश, आणि यात चूक झाली की लोक दुखावायचे. १९४७ च्या कायद्याने पदव्या-किताब सगळे रद्द झाले, मग आले कॉम्रेड. आता इंग्लंडच्या एखाद्या सोळाव्या शतकातल्या न्यायाधीशाला ‘नॉद्यशागोश साहेब’ म्हटलं तर शब्द जुना आहे, मान्य, पण तो भलत्याच गल्लीतला जुना आहे, वाचकाला इंग्लंड दिसत नाही, १९३० सालचं बुडापेस्ट दिसतं, घरकामाची बाई दार उघडतेय असं. तीच गत ‘कॅन्द’ची. मूळ ‘कॅद्यॅलमॅद’ म्हणजे ‘आपली कृपा’, भारी दरबारी शब्द, झिजून झिजून कॅन्द झाला आणि शेवटी खेड्यातल्या शेतकऱ्यांपुरता उरला. हॅम्लेटच्या मित्राने कॅन्द म्हटलं की डेन्मार्कचा किल्ला गेला, गव्हाचं शेत आलं.

काही जण म्हणतात, मग सोपं आहे, शेक्सपिअरच्या काळातली खरी हंगेरियन घ्या. कुठून घेणार? १५४१ साली बुडा तुर्कांच्या ताब्यात गेलं ते १६८६ पर्यंत, देशाचे तीन तुकडे झालेले, लंडनसारखं राजधानीतलं नाटक नाही, रोज तीन हजार माणसं खेळ बघायला येतायत असं काही नाही. कविता होती, बालॉश्शी बालिन्तसारखा जबरदस्त कवी होता, तोही १५९४ ला एस्तॅरगोमच्या वेढ्यात मेला. पण रंगमंचावर राजा, विदूषक आणि दारूडा एकमेकांशी कसे बोलतील त्याची सोळाशे सालची हंगेरियन तयार झालीच नव्हती. सरकारी कामाची भाषा तर १८४४ पर्यंत लॅटिन. मध्ये कॉझिन्त्सी फॅरॅन्त्स आणि मंडळींनी भाषासुधारणेची मोहीम काढली, हजारो नवे शब्द पाडले, जोडले, कापले. चोचीला शब्द केला ‘च्योर’, म्हणजे नळी अधिक नाक. कीटकाला ‘रोवॉर’, म्हणजे खाचा असलेलं जनावर, त्याचे दोन तुकडे जोडून. लोक तेव्हा खूप हसले, पुस्तिका काढून टिंगल केली, आणि आज हे शब्द नसतील तर पाचवीतलं पोरगं निबंध लिहू शकणार नाही. ‘साहित्य’ या अर्थाचा इरोदॉलोम हा शब्दही त्याच मोहिमेतला. तेव्हा ‘अस्सल १६०० ची हंगेरियन’ हा हट्ट धरला तर निम्मी भाषा बाहेर ठेवावी लागेल. हट्ट धरणारे स्वतः त्या भाषेत बोलत नाहीत हे वेगळंच.

मग वाद येतो तो ऑरॉन्य यानोशवर. एकोणिसाव्या शतकातला सगळ्यात मोठ्या दोन-तीन हंगेरियन कवींपैकी एक, इंग्रजी स्वतःच्या स्वतः शिकलेला. त्याचा हॅम्लेट आला १८६७ साली. (आपल्याकडे आगरकरांचा ‘विकारविलसित’ त्यानंतर सोळा वर्षांनी.) फरक एवढाच की आगरकरांच्या अनुवादातली ओळ आज कोणाला पाठ आहे विचारलं तर हात वर होणार नाहीत, आणि ऑरॉन्यच्या ओळी हंगेरियन लोक शेक्सपिअर न वाचताही बोलतात. ‘काळ निखळलाय’ या अर्थाचे त्याचे शब्द तिथे म्हणीसारखे वापरले जातात. तेव्हा १९९० नंतर नादॉश्दी आदाम या भाषातज्ज्ञ-कवीने आजच्या बोलीच्या जवळ जाणारे शेक्सपिअरचे नवे अनुवाद करायला घेतले तेव्हा अनेकांच्या पोटात दुखलं तर नवल नाही. ऑरॉन्य असताना हे कशाला?

मी नादॉश्दीच्या बाजूने आहे, आणि ऑरॉन्य आवडत असूनही आहे. कारण ऑरॉन्यचा जुनेपणा हा शेक्सपिअरचा जुनेपणा नाहीच, तो ऑरॉन्यच्या स्वतःच्या काळाचा आहे. प्रेक्षक थिएटरात बसून जे ‘किती छान जुनं’ म्हणून ऐकतो ती एकोणिसाव्या शतकातली हंगेरियन आहे, एलिझाबेथचं इंग्लंड नव्हे. हंगेरियन कविता म्हणून ती अजरामर आहे, ठेवा, पाठ करा, पण ‘मूळ नाटक असंच वाटतं’ असं सांगून पोरांच्या गळ्यात मारू नका. मूळ नाटक १६०१ च्या प्रेक्षकाला ताजं वाटत होतं. इंग्रजांना बिचाऱ्यांना आता ते ताजं करता येत नाही, त्यांना ते तसंच, निम्मं समजत, ऐकावं लागतं, मूळ भाषेतच असल्याची ही शिक्षा आहे. हंगेरियन लोकांना ती शिक्षा नाही तर त्यांनी ती हौसेने का ओढवून घ्यायची?

पण एवढ्यावर थांबलो तर मी पण तीच चूक करेन, सगळ्याला एकच औषध. कारण काही लेखक स्वतःच जुने शब्द मुद्दाम वापरतात. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टोल्किन घ्या. विसाव्या शतकात बसून तो जुन्या वळणाची वाक्यं लिहितो ती जाणूनबुजून. तिथे सगळं आजच्या बोलीत सपाट केलं तर अनुवादकाने लेखकाचं कामच पुसलं. त्या पुस्तकाचा हंगेरियन अनुवाद १९८१ ला आला, सुरुवातीची प्रकरणं रेझ आदामची, कविता तॉन्दोरी दॅझ्योच्या, आणि बाकी मोठा भाग गोन्त्स आर्पादचा. हा गोन्त्स १९५६ च्या उठावानंतर जन्मठेप झालेला कैदी, तुरुंगात इंग्रजी पक्की केली, १९६३ ला सुटला, अनुवादावर पोट भरलं, आणि १९९० ते २००० देशाचा राष्ट्राध्यक्ष! अनुवादकाला असा मान मिळालेला दुसरा देश माझ्या तरी माहितीत नाही.

टोल्किनच्या पुस्तकात एक गंमत आहे जी इंग्रजीत नीट दाखवताच येत नाही. पुस्तकाच्या परिशिष्टात तो सांगतो की हॉबिट नावाच्या बुटक्या लोकांच्या बोलीतून आदरार्थी रूपं गळून गेलेली, त्यामुळे त्यांच्यातला पिपिन माणसांच्या गोंडोर राज्यात गेल्यावर सगळ्यांना अरे-तुरे करतो, अगदी तिथल्या सर्वेसर्वा डेनेथॉरलासुद्धा, आणि लोक समजतात की हा कोणीतरी फारच मोठा राजपुत्र असणार. इंग्रजीत यू तो यूच, म्हणून लेखकाला परिशिष्टात खुलासा करावा लागला. हंगेरियनमध्ये (आणि मराठीतही) हे सरळ संवादात घडवता येतं. दुसरीकडे एओविन ही तरुणी अरागॉर्न या योद्ध्याशी बोलताना एका क्षणी यू सोडून ‘दी’ (दाऊचंच रूप) म्हणते, तिचं प्रेम तिथे बाहेर पडतं. इथे दाऊ जुना पण आहे आणि जवळचा पण आहे. हंगेरियन तॅ जवळचा भाग फुकटात देतो, जुना भाग मात्र आजूबाजूच्या शब्दांतून आणावा लागतो, एखादा नेकटॅकसारखा लांबवलेला स्वर, ‘जो’ या अर्थाच्या ‘ऑकी’च्या जागी नुसता ‘की’, जसा त्यांच्या म्हणींत आणि ‘आमच्या बापा’च्या प्रार्थनेत अजून आहे.

थोडंसंच. हे लिहिताना मला ती ‘वॉलॉ’वाली मंडळी आठवतात. वॉलॉ म्हणजे जुन्या भूतकाळाचा तुकडा, कुठल्याही क्रियापदामागे लावला की वाक्य एकदम पोथीतलं वाटतं, आणि म्हणून नवशिका अनुवादक तो मिठासारखा नव्हे, मिठाच्या गोणीसारखा ओततो. शाळेच्या प्रोजेक्टला आपण कागद चहाच्या पाण्यात बुडवून कडा जाळायचो, शिवकालीन पत्र म्हणून, तसलाच हा प्रकार. त्याहून वाईट म्हणजे ‘फॉरसूथ’ला (म्हणजे ‘खरोखर’ला) ‘इशॉ’ ठोकणं. इशॉ हा शब्द हंगेरियन माणसाला एकाच ठिकाणाहून माहीत आहे, साधारण ११९५ च्या अंत्यविधीच्या प्रवचनातून, सलग मजकूर म्हणून टिकलेलं सगळ्यात जुनं हंगेरियन लिखाण, ‘खरोखर, आपण धूळ आणि राख आहोत’ ही त्यातली ओळ शाळेत सगळ्यांना पाठ करायला लावतात. तुमच्या विनोदी नाटकातल्या दारूड्याने इशॉ म्हटलं की अख्खं थिएटर मयताला पोचतं.

आणि आजचा इंग्रज ऑफिसच्या मेलमध्ये ‘मीथिंक्स’ (मला वाटतं) लिहितो ते काय? ते जुनं नाहीच, ती थट्टा आहे. तिथे मात्र वॉलॉ खुशाल टाका, शोभतो, कारण हंगेरियन माणूस पण थट्टेत तेच करतो. म्हणजे तोच एक जुना शब्द, लेखकाच्या काळी साधा असेल तर साधा करा, लेखकाने मुद्दाम जुना घेतला असेल तर जुना करा, आणि टिंगल असेल तर टिंगल करा. हे कोश बघून ठरत नाही, वाक्य कोणी कधी कोणाला म्हटलंय ते बघून ठरतं.

राहिला प्रश्न शाळेचा, की पोरांना ऑरॉन्य द्यायचा का नादॉश्दी. हा वाद उगाच ताणला जातो असं मला वाटतं, कारण त्यावरचा तोडगा हंगेरीत छापून झालाय. २०१९ ला नादॉश्दीने कॉतोनॉ योझॅफचं ‘बांक बान’, हंगेरियन लोकांचं राष्ट्रीय नाटक, १८२० च्या सुमाराचं, चक्क हंगेरियनमधून हंगेरियनमध्ये आणलं, आजच्या गद्यात, आणि पुस्तकात कॉतोनॉचा मूळ मजकूरही जोडीला ठेवला. (त्यातही राणीचं नाव हॅम्लेटच्या आईसारखं गर्ट्रूडच आहे, योगायोग.) त्यावर वाद झालाच, हे म्हणजे अभिजात साहित्याची मोडतोड वगैरे, पण विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच कळलं की नाटकात नेमकं चाललंय काय. हॅम्लेटचंही तसंच करा, डावीकडे १८६७, उजवीकडे आजचा, आणि वर दोन्ही अनुवादकांची नावं ठळक. सुरुवात आईच्या दालनातल्या त्या दोन ओळींपासून करा आणि पोरांनाच विचारा, कोण कोणाला अरे-तुरे करतंय आणि का.